बौद्ध साधनेच्या पायऱ्या नेमक्या कोणत्या आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कसं ओळखायचं?

जयभीम. तुमचा प्रश्न मी असा समजलोय: विपश्यनेची तीन शिबिरं झाली, तिसऱ्यात शेवटी शेवटी अंगभर झिणझिण्यांचा प्रवाह वाहायला लागला, दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एका जुन्या साधकाने सांगितलं की ही भंग अवस्था (सगळं क्षणाक्षणाला विरतंय असं दिसणं), आता तुम्ही स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या पहिल्या टप्प्यावरचे, व्हायच्या बेतात आहात, आणि घरी आल्यावर महिनाभरात तो प्रवाह गायब. आता तुम्ही विचारताय की मी खाली घसरलो का, पायऱ्या एकूण किती, मी कितव्या पायरीवर, आणि वीस दिवसांच्या शिबिराला अर्ज टाकू का.

घसरला वगैरे काही नाहीत. मुळात तो प्रवाह ही पायरी नव्हतीच. पायऱ्या आहेत, चांगल्या स्पष्ट सांगितल्यात, पण त्या मोजतात काय सुटलं यावर. काय जाणवलं याला त्या हिशोबात जागाच नाही.

जुन्या पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांत, चार टप्पे येतात, स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत (पूर्ण मुक्त). हे मोजायचे दहा संयोजनांवर, म्हणजे माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा बेड्यांवर. पहिल्या तीन तुटल्या की स्रोतापन्न: सत्कायदृष्टी (हे शरीर-मन म्हणजेच मी, ही पक्की धारणा), विचिकित्सा (मार्गाबद्दलची शंका) आणि शीलव्रतपरामर्श, म्हणजे नुसत्या विधींनी, व्रतांनी काम होईल हा समज. अशा माणसाला जास्तीत जास्त सात जन्म उरतात असं सुत्तं म्हणतात. सकृदागामीची नवीन बेडी एकही तुटत नाही, कामराग आणि द्वेष पातळ होतात एवढंच, आणि ते दोन्ही मुळासकट गेले की अनागामी. उरलेल्या पाच अर्हताच्याच तुटतात, त्यात मान पण आला, म्हणजे मी याच्यापेक्षा वर की खाली ही सतत चाललेली तुलना. आता बघा, अनागामीला सुद्धा मान शिल्लक असतो, मग दहाव्या दिवशी आपण काय करतो त्याचं नवल नको. नऊ दिवस एकमेकांकडे मान वर करून न बघितलेली माणसं, मेत्ता (मैत्रीभावना) झाली, मौन सुटलं की हॉलबाहेर चपला शोधता शोधताच सुरू होतात, तुझं कसं झालं, मला तर चौथ्याच दिवशी सगळीकडे लागलं, मला पाठीत ब्लॉक आहे, अरे मला तर डोक्यातून लाईट गेल्यासारखा झाला, आणि ज्याचा नुसता गुडघाच दुखला तो बिचारा गप्प ताट घेऊन कोपऱ्यात. त्या घोळक्यातून मिळालेलं सर्टिफिकेट तुम्ही मनावर घेतलंय.

दहातल्या तिसऱ्या बेडीवर मला जरा जास्त बोलायचंय कारण ती आपल्याला लागू नाही असं आपण धरून चालतो. आम्ही नवस करत नाही, सत्यनारायण सोडला, उपास सोडले, मग कर्मकांड कुठलं? पण सकाळ-संध्याकाळ एक एक तास बसलो म्हणजे आपोआप मुक्तीच्या खात्यात जमा होतंय, मधल्या बावीस तासांत काहीही केलं तरी चालेल, हे दुसरं काय आहे? माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, पहाटेची बैठक कधी चुकत नाही, आणि दहा वाजता शटर उघडलं की पहिल्या गिऱ्हाईकाला विचारतात पक्कं बिल पाहिजे का कच्चं चालेल.

आता पायऱ्यांचा दुसरा हिशोब, जो मला रोजच्या वापरासाठी जास्त कामाचा वाटतो. मज्झिम निकाय या सुत्तांच्या संग्रहात गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाचं सुत्त आहे. गणक म्हणजे हिशोबनीस. तो श्रावस्तीला पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात बुद्धांना भेटतो आणि म्हणतो की या प्रासादाला कसा शेवटच्या पायरीपर्यंत क्रम दिसतो, आमच्या हिशोबाच्या शिकवणीत पण पोराला आधी एक एके, दोन दुणे असं मोजायला लावतो, मग तुमच्या धम्मात असा क्रम आहे का. बुद्ध म्हणतात आहे, आणि यादी सांगतात. आधी शील. मग इंद्रियांवर पहारा. मग जेवणात प्रमाण. मग जागरूकता, म्हणजे रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरात चालत-बसत चित्त साफ करायचं, मधल्या प्रहरात झोपायचं. मग उठता बसता वाकता चालता भान. मग एकांत, पाच नीवरणं (कामेच्छा, द्वेष, आळस-सुस्ती, चुळबुळ-पश्चात्ताप, शंका) बाजूला करणं, आणि त्यानंतर कुठे चार ध्यानं, म्हणजे एकाग्रतेच्या चार अवस्था.

म्हणजे डोळे मिटून बसायचा जो भाग आपण साधना म्हणून धरतो तो यादीच्या पार शेवटी येतो. त्याच्या आधीचे टप्पे आपण शिबिराचा फॉर्म भरताना एका टिकमध्ये उडवतो.

इंद्रियांवरचा पहारा म्हणजे डोळे बांधून फिरणं नाही. सुत्तातलं सांगणं असं की डोळ्याने रूप दिसलं तर त्याचं एकूण चित्र पण पकडून बसू नका आणि त्यातले बारकावे पण चघळू नका. आता हे मोबाईलवर लावून बघा. चुलतभावाने नव्या गाडीचा स्टेटस टाकला, दिसलं, इथपर्यंत काही नाही. मग आपण झूम करतो, टॉप मॉडेल आहे का बघतो, हप्ता किती बसत असेल, याच्याकडे पैसा आला कुठून, मागच्या वर्षी तर आपल्याकडून उसने घेतलेले, आणि पाच मिनिटांत द्वेष तयार, आणि हे सगळं एका अंगठ्याने. पहारा बसवायचा तो त्या झूमवर. हे मी रोज करून बघतो आणि खरं सांगतो, एक तास बसण्यापेक्षा हे अवघड आहे.

जेवणाचं पण तसंच, चवीसाठी, माज यावा म्हणून किंवा देखणं दिसावं म्हणून खाऊ नये, शरीर चालावं, साधना करता यावी एवढ्यासाठी खावं. डाएट प्लॅनवाल्यांनी देखणं दिसण्याचा मुद्दा वेगळा अधोरेखित करून घ्यावा.

त्याच सुत्तात पुढे गणक विचारतो की एवढं शिकवून तुमचे सगळे शिष्य पोचतात का. बुद्ध सरळ म्हणतात, काही पोचतात, काही नाही. राजगृहाचा रस्ता दोघांना सारखाच सांगितला तरी एक नीट पोचतो, एक भलतीकडे जातो, त्यात मी काय करू, तथागत रस्ता सांगणारा आहे. मला हे उत्तर फार आवडतं, कुठलाही गुरू असं बोलत नाही हो.

भंगाबद्दल आता. हा शब्द खोटा नाही, विपश्यनेतल्या ज्ञानांच्या क्रमात उदय-व्यय ज्ञानानंतर (सगळं उठतं आणि जातं हे दिसणं) भंगज्ञान येतं. बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात ही सगळी चढण आहे, हा ग्रंथ पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिला गेला आणि आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईहून निघाली. पण त्यातच भंगाच्या आधी एक धोक्याची पाटी लावलीय. प्रकाश दिसणं, प्रीती, अंग हलकं होणं, प्रचंड सुख, श्रद्धेचं भरतं, असे दहा उपक्लेश (साधनेतले भुलवणारे अडथळे) सांगितलेत, आणि साधक इथेच फसतो, म्हणतो झालं, मी पोचलो. दहातला शेवटचा सगळ्यात चिवट, निकंती, म्हणजे या अनुभवांची बारीक ओढ. तुमचा प्रवाह गेला याचं तुम्हाला वाईट वाटतंय ना, ती हीच. ज्यांच्या परंपरेतली ही शिबिरं आहेत ते गोयंका गुरुजी सुद्धा प्रवचनात हेच घोकून घोकून सांगतात की सुखद संवेदना आली तर तिला चिकटू नका, समता ठेवा, आणि आपण प्रवचन ऐकून येतो आणि परत तीच संवेदना शोधायला बसतो.

विसुद्धिमग्गात इथेच एक गोष्ट आहे ती सांगतोच. महानाग नावाचे थोर थेर (ज्येष्ठ भिक्खू) होते, साठ वर्षं ते स्वतःला अर्हत समजत होते, ज्ञान अफाट, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. त्यांचा शिष्य धम्मदिन्न, तो खराच अर्हत, त्याला गुरूंचं कळलं. तो भेटायला गेला, खूप प्रश्न विचारले, मग म्हणाला, भंते, ऋद्धीने एक हत्ती निर्माण करा ना, पांढराशुभ्र, कान ताठ, सोंड तोंडात, भयानक चीत्कार करत अंगावर धावून येणारा. थेरांनी केला. हत्ती सुटला आणि थेर स्वतःच उठून पळायला लागले. धम्मदिन्नने चीवराचं टोक धरलं आणि विचारलं, भंते, आस्रव (मनातले मळ) संपलेल्याला भीती वाटते का? थेरांना लख्ख कळलं, ते तिथेच उकिडवे बसले आणि शिष्याला म्हणाले, मला आधार दे. पुढे काम झालं त्यांचं, ते महत्त्वाचं, पण साठ वर्षांच्या शांततेत जे दिसलं नाही ते एका हत्तीने दाखवलं. आपला हत्ती म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमधला पार्किंगचा विषय, नाहीतर विहाराच्या कमिटीची निवडणूक. तिथे बघायचं.

मग स्वतःचं कसं ओळखायचं? याचं उत्तर महापरिनिब्बान सुत्तात आहे. नादिका गावी बुद्धांचे शिष्य आनंद एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारतात, हा कुठे गेला, ती कुठे गेली. बुद्ध उत्तरं देतात आणि मग म्हणतात, माणसं मरणारच, प्रत्येकासाठी असं विचारत राहणं त्रासाचं आहे, मी तुम्हाला धम्माचा आरसा देतो, त्यात ज्याने त्याने स्वतःचं बघावं. आरशात चार गोष्टी: बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावर न हलणारी श्रद्धा, आणि अखंड, निष्कलंक शील. यात प्रकाश नाही, प्रवाह नाही, झिणझिण्या नाहीत. आणि दुसऱ्याला आरसा दाखवून तू अमुक झालास म्हणायची सोय पण नाही. भिक्खूंच्या विनयात, म्हणजे नियमांत, तर न मिळालेल्या अवस्थेचा जाणूनबुजून दावा केला तर थेट पाराजिका आहे, संघातून कायमचं बाहेर, आणि खरी मिळाली असेल तरी गृहस्थाला सांगितली की दोष लागतो. एवढी कडक शिस्त ज्या विषयात आहे तो विषय आपण चपला घालता घालता निकालात काढतो.

आपल्याकडे काहीजण म्हणतात हे पायऱ्या-बियऱ्या, ध्यान वगैरे पलायनवाद आहे, बाबासाहेबांनी समाज बदलायला धम्म दिला. मला हे भांडणच लटकं वाटतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी स्वतः त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता (जोपासायचे सद्गुण) आहेत, चोरी-व्यभिचार-खोटं-दारू सोडणं आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक समाधी आठवी येते, तिच्या आधी सम्यक आजीविका आहे, म्हणजे कच्च्या बिलाचा प्रश्न आधी सोडवायचाय. तिबेटी परंपरेत, महायानात पायऱ्यांची वेगळी मांडणी आहे, बोधिसत्त्वाच्या दहा भूमी वगैरे, पण तुम्ही ज्या वाटेवर आहात तिथे हे एवढं पुरे.

अर्जाचं म्हणाल तर वीस दिवसांच्या शिबिराला तीन शिबिरांवर घेत नाहीत, पाच दहा-दिवसीय, एक सतिपट्ठान (याच नावाच्या सुत्तावरचं शिबिर), एका शिबिरात सेवा आणि दोन वर्षं नियमित साधना एवढं मागतात. तुम्हाला सतिपट्ठानचं आठ दिवसांचं बसता येईल, त्याला तीन शिबिरं आणि वर्षभराची रोजची साधना लागते. त्यात नवीन तंत्र काही शिकवत नाहीत, साधना तीच, फक्त संध्याकाळी प्रवचनात सुत्त उलगडून सांगतात, त्यामुळे प्रवाह परत मिळवायला जाणार असाल तर नका जाऊ. त्याआधी येत्या पौर्णिमेला जवळच्या विहारात अष्टशील, म्हणजे एका दिवसासाठी आठ नियम, घेऊन बघा, खर्च नाही, रजा लागत नाही, आणि इंद्रियांवरचा पहारा आणि जेवणातलं प्रमाण दोन्हीची प्रॅक्टिस एका दिवसात होते. दुपारी बारानंतर जेवण बंद, गाणी-सिनेमा बंद म्हणजे मोबाईल पण त्यातच धरा, आणि चहाचं आधीच भन्तेजींना विचारून घ्या, दुधाचा बहुतेक ठिकाणी नको म्हणतात, कोरा चालतो.