तिजोरी उघडीच होती

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या लहानशा गावी शिकते. तिथे दर सप्टेंबरात जेसी जेम्स या दरोडेखोराच्या नावाने उत्सव भरतो म्हणे. दरोडेखोराचा कसला उत्सव? आणि त्याने घोड्यासकट दरी ओलांडली, हे खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : उत्सव जेसीचा नाही, त्याच्या फजितीचा. त्याचं नावच मुळी 'डिफीट ऑफ जेसी जेम्स डेज' आहे. आणि माझ्या लेखी त्या गोष्टीतला खरा माणूस जोसेफ ली हेवूड.

७ सप्टेंबर १८७६. जेम्स आणि यंगर बंधूंच्या टोळीतले आठ जण गावात आले, तिघे फर्स्ट नॅशनल बँकेत शिरले. मुख्य रोखपाल परगावी होता, त्याच्या जागी हिशेबनीस हेवूड बसला होता. वय ३९, घरी बायको आणि लहान मुलगी. कार्लटन कॉलेजचा खजिनदारही तोच. "तिजोरी उघड," म्हणून त्यांनी दरडावलं. हेवूडने सांगितलं, वेळेचं कुलूप आहे, आत्ता उघडणार नाही. त्याला मारलं, गळ्याला सुरी लावली, तरी तो बधला नाही. तिजोरीला कुलूप लावलेलंच नव्हतं! नुसतं ओढलं असतं तरी दार उघडलं असतं. कुणी ओढूनच पाहिलं नाही. जाता जाता त्यांनी हेवूडला गोळी घातली. हाती लागले अवघे २६ डॉलर ७० सेंट.

बाहेर तोवर गाव जागं झालं होतं. लोखंडी सामानाचं दुकान चालवणारा मॅनिंग रायफल घेऊन रस्त्यावर आला, सुट्टीवर घरी आलेला वैद्यकीचा विद्यार्थी हेन्री व्हीलर समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून नेम धरू लागला. दोन दरोडेखोर तिथेच पडले. दोन आठवड्यांनी तिघे यंगर बंधू पकडले गेले, त्यांचा एक साथीदार मारला गेला. जेसी आणि त्याचा भाऊ फ्रँक तेवढे निसटले.

दरीची कथा इथूनच निघाली. साउथ डकोटात गॅरेटसनजवळ 'डेव्हिल्स गल्च' नावाची घळ आहे. पाठलाग चुकवताना जेसीने तिथली सुमारे २० फुटांची फट घोड्यावरून ओलांडली, असं सांगतात. पुरावा काही नाही. दमलेल्या घोड्यांवरून पळणारा माणूस अशी उडी मारेल, हे मला पटत नाही. पळालेल्याची दंतकथा होते आणि जागेवर बसून राहिलेल्याला लोक विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. नॉर्थफील्डकर मात्र हेवूडला विसरलेले नाहीत.

त्या दिवशी रस्त्यावर निकोलस गुस्तावसन हा स्वीडिश तरुणही गोळी लागून पडला आणि चार दिवसांनी गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून "रस्त्यातून हट" हे कळलं नाही, असं सांगितलं जातं.

 

मुलीला म्हणावं, उत्सवातला लुटुपुटीचा दरोडा जरूर बघ, पण आधी डिव्हिजन स्ट्रीटवरच्या त्या जुन्या बँकेत जा. आता तिथे संग्रहालय आहे.