वाचकांचे प्रश्न : झिलईवर जाऊ नका

प्रश्न : आमची आंबा-काजूची बाग आहे. रानडुकरांमुळे शेतीसंरक्षणाचा परवाना काढला. दुकानात दोन वापरलेल्या दुनळ्या दाखवल्या, दोन्ही बारा बोअर. एक भारतीय बनावटीची, साधी. दुसरी बर्मिंगहॅमची, अगदी नव्यासारखी चकाकणारी आणि बरीच महाग. दुकानदार म्हणतो, ‘पूर्वी सायबाची होती, फार वापरलेली नाही.’ घ्यावी का?
– एक बागायतदार, संगमेश्वर तालुका

उत्तर : नव्यासारखी चकाकते म्हणता, मला तीच शंका येते. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली. नेमबाज खेळाडूंची गोष्ट वेगळी, पण एरवी दुकानातली विलायती बंदूक म्हणजे त्याआधी आलेली. इतक्या वर्षांत हाताच्या घामाने झिलई कुठे ना कुठे उडतेच. ती सगळीकडे एकसारखी काळीभोर असेल तर पुन्हा चढवली आहे असं समजा. चढवण्याआधी नळी घासतात, गंजाबरोबर थोडं पोलादही जातं. नळीवरची अक्षरं पुसट आणि कडा बोथट दिसल्या, तर घासणाऱ्याने हात सैल सोडलाय.

आणि ‘फार वापरलेली नाही’ हे मला कौतुक वाटत नाही. माझ्या दुरुस्तीच्या बाकावर आलेल्या बंदुका बार काढून झिजलेल्या थोड्या, पडून सडलेल्याच जास्त. मालक वारतो, परवान्याचं नूतनीकरण राहतं, बंदूक दुकानात जमा होते. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून तिसरं जमा करावं लागलं ते वेगळंच. ही हत्यारं चामड्याच्या नाहीतर रेक्झिनच्या म्यानात कोपऱ्यात उभी असतात. कोकणातला पावसाळा त्या म्यानात शिरतो आणि बाहेर पडत नाही.

आधी बंदूक उघडून काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा. दुकानदाराने बघितलं असलं तरी. मग नळ्या उतरवून घ्या आणि आतून कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. तेलाचा थर असला की खड्डे झाकले जातात. पुसल्यावर उजेडाकडे धरून नळीत बघा, आत प्रकाशाची गोल कडी दिसतात. कडं एका बाजूला मोडलेलं दिसलं तर बाहेरून पोचा आलाय. आडवं काळं रिंगण दिसलं तर नळी तिथे फुगली आहे. ती बंदूक मुकाट्याने परत द्या. तोंडाकडचे बारीक ठिपके चालतील. काडतुसाच्या घराजवळचे खोल खड्डे अजिबात नकोत, दाब सगळ्यात जास्त तिथेच बसतो.

नळ्या खालच्या आकड्याने बोटावर लटकवा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर डाख सुटलाय. पुढचं लाकूड न लावता बंदूक जोडून बंद करा, दस्ता हातात धरून हलवा. सांध्यात खडखड झाली, किंवा नळी आणि तिच्यामागच्या पोलादी पाठीच्या मधून उजेड दिसला, तर सांधा गेला. तो नीट बसवणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

बर्मिंगहॅमच्या बंदुकीचं एक वेगळं बघायचं. नळीच्या तळाशी सपाट भागावर चाचणीचे शिक्के असतात, त्यात नायट्रो, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूचा शिक्का हवाच. नळीवर वेलबुट्टीसारख्या रेषा असतील तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या काळातली नळी. दिसते देखणी, पण बागेत वापरू नका. पुष्कळ जुन्या इंग्रजी बंदुकांचं घर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं, आणि आज मिळणारं काडतूस बहुधा 70 मिलिमीटरचं. ते आत सहज बसतं, म्हणूनच घात होतो. ही लांबी बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची असते. तोंड उलगडायला जागा उरली नाही की दाब नको तितका वाढतो.

तुमच्या कामाला मी भारतीय दुनळीच बघेन. लाकूड ओबडधोबड असेल, असू दे. फक्त दस्त्याच्या मुठीजवळ चीर नाही ना, आणि बंदुकीवरचा नंबर दुकानाच्या वहीशी जुळतो ना, एवढं तपासा. तोच नंबर तुमच्या परवान्यावर चढणार आहे. आणि हो, परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

प्रश्न : सासरे वारल्यावर त्यांची दुनळी आम्ही दुकानात जमा केली. मुलाचा परवाना व्हायचा आहे. तोवर ती खराब होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, कुणी लक्ष दिलं नाही तर होईल. दुकानदार भाडं जागेचं घेतो, तेल लावण्याचं नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर मुलाला पाठवा, दुकानदारासमोर नळ्या पुसून आतबाहेर पातळ तेल लावून घ्या, आणि म्यान काढून ठेवायला सांगा. वारस म्हणून मुलाचा अर्ज लवकर पुढे सरकवा. ठरलेल्या मुदतीत बंदूक सोडवली किंवा परवानाधारकाला विकली नाही तर ती सरकारजमा होते. जमा केल्याच्या पावतीवर नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहिलेली नसेल तर या खेपेला लिहून घ्या, म्हणजे उद्या ‘गंज आधीचाच होता’ असं कुणी म्हणू शकणार नाही.