वडिलांबद्दल विचारलं तर?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. गिरणी संपावरची माझी पहिली कादंबरी नुकतीच आली. एका बातम्यांच्या वाहिनीवर थेट प्रक्षेपणात निवेदकाने अचानक विचारलं, "संपात कामावर जाणारा कादंबरीतला तो फितूर म्हणजे तुमचे वडीलच ना?" मला काही सुचेना. "हो… म्हणजे तसं नाही" एवढंच बोलले. ती क्लिप आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर फिरतेय. दादाने बोलणं सोडलंय. पुढच्या आठवड्यात रेडिओवर मुलाखत आहे. जाऊ की नको?

उत्तर :

ताई, जा. पण त्याआधी दादांकडे जा.

१८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरही केलं नाही. त्यामुळे लालबाग-परळच्या कित्येक घरांत तो अजून संपलेला नाही. निवेदकासाठी 'फितूर' हा जो साधा शब्द होता, ती तुमच्या चाळीत शिवी आहे. तो शब्द वडिलांना लागला आणि बहीण गप्प राहिली, एवढंच दादांनी पाहिलं. त्यांचा राग कादंबरीवर असेल असं मला वाटत नाही. त्यांना स्पष्टीकरण देऊ नका. "आप्पांबद्दल मी बाहेर काय बोललेलं तुला चालेल?" एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. तुम्ही दोघं जे ठरवाल, तीच तुमची हद्द. ती घरी ठरवायची असते, कॅमेऱ्यासमोर बसल्यावर ठरवता येत नाही. तुमचे वडील कामावर गेले होते की नाही, हे तुम्ही मलाही लिहिलेलं नाही. ते बरोबरच केलंत.

आता उत्तराचं. असा प्रश्न पुन्हा येईल, कारण क्लिप फिरली आहे. तेव्हा "माझे वडील फितूर नव्हते" असं म्हणू नका. तुमच्या तोंडचा तो शब्द कापून वेगळा काढता येतो, आणि मथळाही त्याचाच होतो. नुसतं "मला बोलायचं नाही" म्हटलंत तर ऐकणाऱ्याला काहीतरी दडवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा असं म्हणा : "कादंबरीतला माणूस मी रचलेला आहे. माझ्या वडिलांबद्दल मी इथे बोलणार नाही. पण घरात चूल पेटत नाही म्हणून जो कामावर गेला, त्याच्या बायकोला नळावर काय ऐकावं लागलं, ते सांगते." आणि लगेच त्या प्रसंगावर या. तुमच्याकडे पुस्तकातलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणूनच तर तुम्हाला बोलावतात. ही वाक्यं स्वयंपाक करताना मोठ्याने म्हणा, तोंडात बसेपर्यंत. आयत्या वेळी सुचत नाही याची लाज बाळगू नका; तसं थोड्यांनाच सुचतं.

निवेदकाने पुस्तक वाचलेलं नसणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. रोज नवा पाहुणा, हातात फक्त मागच्या पानावरचा मजकूर. म्हणून आधीच एक पान लिहून पाठवा : पात्रांची नावं, काळ, तुम्हाला ज्यावर बोलायला आवडेल असे दोन-तीन प्रसंग. आणि खाली स्पष्ट लिहा की कुटुंबाविषयीचे प्रश्न नकोत. त्याने प्रश्न टळेलच असं नाही, पण तो आला तर तुम्ही बेसावध नसाल. मुलाखत सुरू होण्याआधीच्या गप्पांतही घरचं काही बोलू नका. बऱ्याचदा प्रश्न तिथूनच उचलले जातात, आणि "हे प्रसारित करू नका" असं नंतर सांगून उपयोग नसतो.

रेडिओची मुलाखत थेट आहे की ध्वनिमुद्रित, ते आजच फोन करून विचारा. ध्वनिमुद्रण असेल तर अडखळल्यावर थांबा, "पुन्हा सांगते" म्हणा आणि वाक्य पहिल्यापासून बोला. मधलं काढून टाकतात. हातात काचेच्या बांगड्या नकोत, कागद चाळू नका. पावसाळा आहे, मध्य रेल्वेवर विसंबून राहू नका. तासभर आधी निघा, धापा टाकत माइकसमोर बसू नका.

राहिली ती क्लिप. वाहिनीला लेखी कळवा. कादंबरीतलं पात्र काल्पनिक आहे, एवढंच, चार ओळींत. ही तक्रार पहिल्या प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत आधी वाहिनीकडेच करायची असते. समाधान झालं नाही, तर मग न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी या वृत्तवाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्यांच्याच संस्थेकडे जाता येतं, वाहिनी तिची सदस्य असेल तर. मुदत निघून जाऊ नये म्हणून हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला मेलवर पाठवलं आहे. चाळीच्या ग्रुपवर मात्र खुलासे देत बसू नका. तिथे काही लिहायचं की नाही, ते दादांना ठरवू द्या. त्यांना भेटायला रविवारी सकाळीच जा. फोनवर हे बोलणं होणार नाही.