‘नस्ती (फाइल) आढळून येत नाही’ असं नगरपरिषदेनं कळवलं, तर?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेनं आमच्या गल्लीतला रस्ता उंच केला. तेव्हापासून पावसाचं पाणी घरात शिरतं. कामाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली, तर ‘सदर नस्ती कार्यालयात आढळून येत नाही’ एवढंच पत्र आलं. बांधकाम विभागात गेलो की ‘पुढच्या आठवड्यात या, शोधून ठेवतो’ म्हणतात. त्यात अर्जाची बातमी ठेकेदाराला लागली आणि ‘कागद कशाला हवेत?’ असा त्याचा फोन आला. काय करू?

उत्तर : आधी फेऱ्या थांबवा. ते पत्र तुमच्या हाती पडलं त्या दिवसापासून प्रथम अपिलाची (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायच्या अपिलाची) ३० दिवसांची मुदत सुरू झाली आहे आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकण्यात ती संपून जाते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. जोडपत्र ‘ब’ म्हणजे अपिलाचा नमुना भरा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक शिक्क्याची पोच घ्या.

अपिलातला मुद्दा सरळ आहे. माहिती नाकारण्याची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत आणि फाइल न सापडणं हे त्यात कुठेही नाही. एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती ‘सापडत नाही’ म्हणून नाकारता येणार नाही, कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख सांभाळणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. म्हणून अपिलात नेमकं मागा : लेखी शोध अहवाल, नस्ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती त्याचा तपशील आणि तिची पुनर्बांधणी.

पण नुसतं अपील करून वाट पाहत बसू नका. माझ्या मते तुमचं खरं बळ दुसरीकडे आहे. नगरपरिषदेचं काम एकाच फाइलीत कधीच मावत नाही. पैसे दिले गेले असतील तर लेखा विभागात देयक (बिल) आणि प्रमाणक (व्हाउचर) असणार. देयकावर मोजमाप पुस्तकाचा म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या एमबीचा क्रमांक आणि पान लिहिलेलं असतं. तो हाती आला की ‘एमबी कुठली ते माहीत नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही. सभेपुढे विषय आला असेल तर ठराव इतिवृत्तात सापडेल. निधी जिल्हा नियोजनातून आला असेल तर मंजुरीचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयात असतील. स्थानिक निधी लेखापरीक्षेनं आक्षेप काढला असेल, तर तो अहवालात असेल. तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कामाचं अंदाजपत्रक आणि त्यासोबतचा रस्त्याचा छेद (उंची-उतार दाखवणारं रेखाचित्र). मंजूर उंची किती होती आणि पाण्याचा निचरा कुठे दाखवला होता, हे त्यावरूनच कळेल.

हे सगळं एका अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. ‘दहा वर्षांची सर्व माहिती’ असं लिहिलं की टाळायला निमित्त मिळतं. विभागवार वेगळे अर्ज करा, प्रत्येकी १० रुपये, आणि कागदांचं नाव घेऊन मागा. कलम २(ञ) खाली अभिलेख पाहण्याचाही हक्क आहे. आधी पाहा, मग हवी तीच पानं साक्षांकित करून घ्या.

फोनबद्दल. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचं बंधन कलम ६(२) नुसार अधिकाऱ्यापुढेही नाही, मग ठेकेदाराला कसलं उत्तर द्यायचं? छोट्या शहरात अर्जदाराचं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हे मी जाणतो आणि ते मला अत्यंत गैर वाटतं. फोनची तारीख, वेळ, बोलणं लिहून ठेवा. पुन्हा फोन आला किंवा भाषा धमकीची झाली, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत मुख्याधिकाऱ्यांना पाठवा.

अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तो मान्य नसेल किंवा आलाच नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करा. तिथे वेळ लागतो. तेवढ्यात लेखा विभागाकडचं देयक मात्र तुमच्या हातात आलेलं असू शकतं, म्हणून तो अर्ज अपिलाबरोबरच द्या.