साप चावला किंवा कुणी विष घेतलं, तर किती विष अंगात गेलं हे कुणालाच नक्की माहीत नसतं. मग डॉक्टर औषधाचं प्रमाण ठरवतात कसं, आणि अशा नोंदींवर संशोधन तरी कसं होतं?

मी फार्माकोलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची डॉक्टर. काही वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात विषबाधेच्या नोंदी ठेवल्या, त्यावरून सांगते.

सर्पदंशात आकडा सांगणारं कुणी नसतंच. घोणस एका चाव्यात सरासरी 63 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, पण ते 5 असू शकतं तसं 147 सुद्धा. कधी दात लागतात आणि विष जातच नाही. आपल्याकडच्या प्रतिविषाची 10 मिलीची एक कुपी घोणशीचं 6 मिलिग्रॅम विष निकामी करते, म्हणून विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवात 8 ते 10 कुप्यांनी. पाच वर्षांच्या पोरालाही तेवढ्याच. आई-वडील घाबरतात, पण प्रतिविष मुलाच्या वजनाच्या हिशोबाने नाही, सापाने सोडलेल्या विषाच्या हिशोबाने द्यायचं असतं.

पुढचं रक्त सांगतं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं की समजायचं, विष काम करतंय. प्रतिविष दिल्यावर 6 तासांनी पुन्हा तीच चाचणी. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसवते. यावरून मी वॉर्डात खूप भांडले आहे. नाग-मण्यारीच्या दंशात मात्र रक्त नीट गोठतं, तिथे पापण्या आणि श्वास बघत बसावं लागतं.

पोटात घेतलेल्या विषाचं उलट. तिथे माप सांगतात, पण कसं? ‘घोटभर’, ‘झाकणभर’. मी नातेवाइकांना मोजून पाणी द्यायचे, ‘त्याने घेतला तेवढा घोट घ्या’ म्हणायचे आणि उरलेलं मोजायचे. माणसागणिक घोट वेगळा निघायचा. उलटीत किती गेलं, हे वेगळंच. पॅरासिटामॉल एकाच वेळी घेतलं असेल आणि ती वेळ पक्की असेल, तर 4 तासांनंतरची रक्तातली पातळी आलेखावर बघून उतारा ठरवता येतो. ती तपासणी हाताशी नसली की आम्ही शक्य तेवढा मोठा आकडाच धरायचो.

संशोधनात खरी चूक नोंदवहीत होते. केसपेपरवर ‘एक घोट?’ असतं, एक्सेलमध्ये ते ‘20 मिली’ होतं. प्रश्नचिन्ह गळून पडतं आणि पुढे सगळे तो आकडा मोजलेला समजून गणित करतात. हे मी स्वतः केलंय, त्याचं आजही वाईट वाटतं. योग्य रीत अशी, की सांगितलेला डोस हा चूक असू शकणारा अंदाज धरायचा आणि खरा डोस रक्तातल्या पातळ्यांवरून, बाकी रुग्णांच्या माहितीच्या आधाराने काढायचा. पण एकाच नमुन्यावर हे जमत नाही. पातळी जास्त दिसली, तर डोस मोठा होता की शरीर विष हळू बाहेर टाकतंय, हे कळणार कसं? म्हणून वेळ लिहून निदान दोन-तीन नमुने हवेत.

तुम्ही अशा नोंदी ठेवत असाल तर डोसचा एक रकाना पुरत नाही. काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, कुणी सांगितलं, आणि कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती, हे सगळं वेगवेगळं लिहा.