रक्त भरपूर आहे, मग काळजी कसली?

जालन्याकडची एक माय चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "लेकरू दारूला शिवत नाही, सिगारेट नाही. शेतावर दोस्तांसंगं हुक्का ओढतं तेवढाच. त्यात तर पाणी असतंय की, मॅडम?"

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

तपासणीत मुलाचं हिमोग्लोबिन १८.६ निघालं होतं आणि घरात सगळे खूश होते. आपल्याकडे रक्त कमी असल्याचंच इतकं ऐकायला मिळतं, की जास्त निघालं म्हणजे पोरगं धडधाकट! मुलगा मात्र धास्तावलेला. हुक्क्यानंतर त्याचं डोकं ठणकायचं, एकदा उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. मित्रानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दिसलं आणि विषय तिथंच मिटला.

खरी गोम चिलमीवरच्या निखाऱ्यात आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. पाण्यानं धूर थंड होतो, हा वायू अडत नाही. उलट थंड धूर खोल ओढला जातो, तोही तासभर. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून आकडा छान दिसतो. असा ऑक्सिजन वारंवार कमी पडला, की शरीर ती तूट भरायला हिमोग्लोबिन असलेल्या तांबड्या पेशी वाढवतं. रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो. त्यात निकोटिन नाडी आणि रक्तदाब चढवतं, म्हणजे हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी.

"मग रक्तदान करून टाकू का?" मुलानं विचारलं. नको. हिमोग्लोबिन वाढायला इतरही कारणं असतात, म्हणून आधी त्याला फिजिशियनकडं पाठवलं. दुसरं कारण सापडलं नाही.

हुक्का थांबला की वायू साधारण दिवसभरात निघून जातो, पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; आकडा उतरायला वेळ लागतो. त्यानं हुक्का सोडला, तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १६.४ आलं. मधे एकदा घसरला होता, "हर्बल होता" म्हणून. तंबाखू नसला तरी कोळसा तोच ना! २०१८ पासून राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आहे, तेव्हापासून हे सगळं शेतात आणि बंद खोल्यांत चालतं, आणि बंद खोली तर जास्तच वाईट.

हुक्का ओढताना कुणाला चक्कर आली, उलटी झाली, तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना हुक्क्याचं सांगा. घरी कळेल म्हणून पोरं नेमकं तेच लपवतात.