गाळातलं विष ओळखायला सुरुवात करताय? आधी हे बघा

अरे वा, लगेच शंभर केमिकल्सची टेस्ट लावायचा विचार आहे तुमचा, पण थांबा जरा. नदी-तलावाच्या तळाच्या गाळात शिसं किंवा तांबं भरपूर सापडलं म्हणजे टेस्टसाठी त्यात सोडलेले किडे त्यानेच मरतायत असं नसतं, कारण बरंचसं सल्फाइडला किंवा सेंद्रिय कणांना चिकटून बसलेलं असतं आणि प्राण्यांपर्यंत पोचतच नाही. नवीन लोक हमखास इथेच फसतात.

पहिला संशयित अमोनिया. तो गाळात आपोआप तयार होतो, कुणी काही ओतलेलं नसलं तरी, आणि लोक कीटकनाशकाच्या मागे लागतात. म्हणून कणांमधल्या पाण्यातला अमोनिया आणि पीएच आधीच मोजा, पीएच वाढला की अमोनियाचा विषारीपणाही वाढतो.

मग गाळात एकेक वस्तू घालून रसायनांचा एकेक गट निष्प्रभ करायचा आणि टेस्टचे प्राणी, म्हणजे ते किडे, जगतात का बघायचं:
- झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारं खनिज) घातल्यावर प्राणी जगले तर बहुतेक अमोनिया
- कॅटायन रेझिनने (धातूंचे आयन पकडणारे बारीक मणी) जगले तर धातू
- नारळाच्या कोळशाची पावडर घालून जगले तर सेंद्रिय रसायनं

हेच सगळं स्वच्छ गाळातही घालून बघायचं हं, कधीकधी घातलेली वस्तूच त्रास देते. ही पायरी बरेच जण टाळतात आणि मग रिझल्टचा अर्थच लागत नाही.

सॅम्पल काठोकाठ भरा, हवा नको, अंधारात ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, निदान विषारीपणाच्या टेस्टसाठी तरी. धातूंना प्लास्टिकची बाटली, सेंद्रियला काचेची.

नेमकं कुठलं रसायन ते नंतर, आधी गट तर सापडू दे.